सायीच्या रंगाची भिंत

"वल्या भिंतीला नावं ठेवू नका!" असं ओरडून तो ब्रश झाडायचा, आणि दोन शिंतोडे हमखास आपल्या कपड्यांवर उडायचे. चौक गावचा हा रंगारी तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, तर शिंतोडेही आठवत असतील.

चुन्यात एकीकडे नीळ कालवायची, दुसरीकडे चिमूटभर पिवडी, म्हणजे पिवळी माती. दोन्हीचे हातभर पट्टे ओढायचे आणि दिवसभर वाळू द्यायचे. तोवर घरमालक काही बोलला की हा भडकायचा. "भात शिजायच्या आदी चव घेता काय?"

मला बघायला पाहुणे येणार म्हणून आमची पुढची खोली रंगवायला काढली. पट्टे वाळले. त्याने मलाच विचारलं, "बाय, तुला कंचा?"

आमच्या घरात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "निळा."

बाबा उसळले. "निळ्यात पोरगी काळी दिसंल! तो सायीसारखा दे. त्यात उजळ दिसंल."

"दादा, ह्यो रंग खोटं बोलतो," एवढंच तो पुटपुटला आणि बादलीत पिवडी टाकली.

माझा संताप इथे सुरू होतो. निदान काम तरी वाईट करायचं! पण नाही. हातच चांगला ना मेल्याचा! तीन हात दिले, कोनाडेसुद्धा सोडले नाहीत. कौलातल्या काचेतून ऊन भिंतीवर पडलं आणि मी चक्क गव्हाळ दिसायला लागले. पाहुण्यांनी तिथेच होकार दिला.

कुंभिवलीला सासरी गेले. अंगणातल्या उन्हात सासूने मला नीट पाहिलं. "तिथं गोरी व्हतीस गं. फसवलं आमाला." हे मी भाकऱ्या थापताना ऐकलं, पाणी भरताना ऐकलं, बाळंतिणीच्या खाटेवरसुद्धा ऐकलं. मी कुणाला काय फसवलं होतं? सांगितलं तिथे बसले होते.

पाच-सहा वर्षांनी सासरचं घर रंगवायला तोच आला. पट्टे ओढत असताना त्याने सासूचं ते बोलणं ऐकलं. त्याने ब्रश खाली ठेवला.

"मावशी, फसवलं ते मी. पोरीला बोलू नका."

मग माझ्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "चुकलं बाय माझं." बादली उचलून निघून गेला. त्या दिवसापासून सासूने तो विषय काढला नाही. एकदाही नाही.

पुढे तो वारल्याचं कळलं तेव्हा मी खूप रडले. माझ्या बाजूने बोललेला तो एकच माणूस. पण रडतानाही राग काही जाईना. त्याच्या एका वाक्याने माझी सासू गप्प झाली. तसं एक वाक्य त्याने माझ्या बापासमोर ठणकावून का नाही उच्चारलं?