अठरा नंबरची पट्टी

मस्कतमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या नवऱ्यांना एक खोड लागते. बायकोचे सगळे कागद आपल्या ताब्यात. तिचा व्हिसा माझ्यावर, तिचं रेसिडेंट कार्ड माझ्या पाकिटात. कुठल्याही काउंटरवर मी दोन कार्डं एकदम सरकवायचो आणि ती मागे कुठेतरी काहीतरी बघत उभी असायची. मी मान न वळवता ओरडायचो, "यल्ला, चल! उशीर होतोय." ती म्हणायची, "पाच मिनिटं हो." त्या पाच मिनिटांवरून मी किती वेळा डोकं फिरवून घेतलंय, विचारू नका.

तिला भूमध्य समुद्रातली सफर करायची होती. मोठ्या जहाजाची नाही, छोट्या. रोज एका बंदराला लागायचं, गाईडबरोबर गाव बघायचं, संध्याकाळी परत. मी दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिलो. शेवटी माझ्या चिकटपणावर तोडगा म्हणून इथल्याच किनाऱ्यानं पाच दिवस फिरणाऱ्या जहाजाचं बुकिंग केलं. आधी ओमानचा समुद्र बघू, मग तिकडचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, दुपारी, कपड्यांच्या घड्या घालताना.

फोन सगळे मुलीनं केले. नागपूरला तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बसलो तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. 'ती गेली' हे मी कुणालाच उच्चारून सांगितलं नव्हतं, आणि मला सांगायचंही नव्हतं. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, आईचं कार्ड कॅन्सल केलं का? यू हॅव टू, बाबा." मी म्हणायचो, "इन्शाल्ला," आणि विषय बदलायचो.

सफरीचा दिवस आला तसा मी एकटाच बॅग भरून निघालो. मस्कतच्या मत्रा बंदरात काउंटरवर नेहमीसारखी दोन कार्डं सरकवली. "मॅडम कुठे आहेत?" तिथल्या बाईनं विचारलं. "येतेय मागून," मी म्हणालो. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. सव्वीस वर्षं माझं हेच उत्तर होतं. मागे रांग होती, बाईनं दोन्ही नावांवर खूण केली.

जहाजावर चाळीसेक प्रवासी. उतरायच्या जिन्यापाशी एक फळा, त्यावर हुकांना टांगलेल्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकाच्या नंबरची एक. पांढरी बाजू म्हणजे माणूस जहाजावर, लाल म्हणजे किनाऱ्यावर. उतरताना आपली पट्टी आपणच उलटायची, परतल्यावर आपणच सरळ करायची. एक जरी लाल दिसली तर जहाज हलत नाही. माझी सतरा, तिची अठरा. पहिल्या बंदरात उतरताना मी दोन्ही उलटल्या. येताना दोन्ही सरळ केल्या.

जेवताना कुणी चौकशी केली तर सांगायचो, तिला बोट लागलीय. मग केबिनमध्ये तिच्यासाठी लिंबू आणि आल्याची बिस्किटं येऊ लागली. ती मी तिच्या उशाशी ठेवायचो. लाज वाटायची, पण ते तीन दिवस मी सुखात होतो हेही लिहून टाकतो. पलीकडच्या बिछान्याकडे पाठ करून पडलं की ती तिथे आहे असं वाटायचं. म्हणून मी कूस बदलत नव्हतो.

चौथ्या दिवशी सूर हे बंदर. गाईड पासष्टीचा ओमानी गृहस्थ, हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. त्यानं लाकडी जहाजं बांधायचा कारखाना दाखवला, मग खाडीपलीकडच्या गल्ल्या, शेवटी दीपस्तंभ. ऊन असं की मी डोकं धरूनच परतलो. पट्टी सरळ केली आणि केबिनमध्ये जाऊन पडलो.

जाग आली ती तिचं नाव ऐकून. स्पीकरवरून कुणीतरी तिला हाक मारत होतं, पूर्ण नावानं, त्यात माझंही नाव. मी ताडकन उठून बसलो आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आली वाटतं. मग लख्ख कळलं. जाताना दोन पट्ट्या उलटल्या होत्या, येताना एकच सरळ केली होती. मी तिला विसरून आलो होतो.

वर आलो तर फळ्यावर अठरा नंबर एकटाच लाल. गाईड तिला शोधायला गावात परत गेला होता आणि फोन उचलत नव्हता. "शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना?" जहाजावरचा अधिकारी पुन्हा पुन्हा विचारत होता. उत्तर मला ठाऊक होतं. मनात येत होतं, शोधू द्या की. निदान कुणीतरी तिला शोधतंय.

आमची केबिन आवरणारी वसईची बाई जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "सर, पलीकडच्या बेडवर कुणी झोपत नाही, मला माहितीय. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी पण नाही. पण तो म्हातारा माणूस उन्हात दारोदार फिरतोय. आता सांगा."

मी सांगितलं. इंग्रजीत. मराठीत जमलं नसतं.

तेवढ्यात गाईड धापा टाकत जिना चढून आला. घामानं निथळत होता, पण चेहरा खुललेला. "मिल गई, साब! एक औरत बोली, हरे कपडेवाली इंडियन मॅडम लाइटहाउस के पास अकेली बैठी है, समुंदर देख रही है. गाडी खडी है. लेके आता हूं, पाच मिनिट."

सुट्टीत मस्कतहून शेकडो इंडियन कुटुंबं सूरला येतात. हिरवा ड्रेस कुणाकडे नसतो? हे सगळं मला कळत होतं. तरी पाय जिन्याकडे ओढले गेले, आणि तोंडात तो जुना 'यल्ला' आलासुद्धा.

"नको," मी मराठीतच म्हणालो. "बसू दे तिला. तिला बघायचंय."

वसईच्या बाईनं गाईडला बाजूला नेऊन हिंदीत समजावलं. तो मटकन खाली बसला. अधिकारी मात्र फळ्यापाशी अडून होता. लाल पट्टी असताना त्याला निघता येत नव्हतं, आणि ती पट्टी पांढरी करायला मी तयार नव्हतो. शेवटी अठरा नंबर मी माझ्या हातानं हुकावरून काढला. जहाज निघालं आणि ती मागे राहिली.