पाण्याच्या बाजूची जागा

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कोण, ते अंजूरचे बांधवाले?" माझा भाऊ जन्मभर शाळेत शिकवत होता, पण भिवंडीत त्याची ओळख ही एवढीच... आणि त्याला ती फार आवडायची.

ऐंशीच्या दशकात गावचा खाडीबांध फुटला आणि खारं पाणी भातशेतात शिरलं. शेतकरी म्हणत, भरतीचं पाणी आत घेणारं बांधाचं दार बंद ठेवा. कोळी म्हणत, उघडं ठेवा, मासळी आत येऊ द्या. आणि बांध दुरुस्त करायला दोघेही सरकारची वाट बघत बसलेले! दादाचं म्हणणं वेगळंच. गावाच्या हद्दी कागदावर, आपली खरी हद्द पाणी ठरवतं. एका खाडीवर जगणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचं. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. पण त्याने बैठक भरवली, तीही देवळात नाही, थेट फुटक्या बांधावर, ओहोटीला. मतदान नाही, भरती चढायच्या आत सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. स्वतः खाडीकडच्या उतारावर सगळ्यात खाली बसायचा. पाणी चढलं की आधी त्याचे पाय भिजायचे, मग भांडणाऱ्यांनाच लाज वाटायची. घरटी एक माणूस देऊन लोकांनी बांध उभा केला, दाराच्या वेळा ठरवल्या, खाडीकाठची तिवराची झाडं राखली. भात परत आलं, कोलंबीही आली. असा हट्टी आणि असा निर्मळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नव्वदच्या दशकात शेजारच्या मानकोली-पूर्ण्याकडे गोदामं उठू लागली. आमचा चुलतभाऊ जनार्दन दर बैठकीत अडून बसायचा. "बांध सोड मास्तर. भराव टाकू, गोदामवाल्याला देऊ. भातान काय हाय आता?" दादा हसून म्हणायचा, "तू न्हाय म्हनतोस तवर बैठक चालू हाय." शेवटी दादाचे भिजलेले पाय बघून जनार्दन वैतागून बांध राखायला हो म्हणायचा.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर बैठक भरली. बांधाला पुन्हा भेग पडली होती. मीही गेले. खालची जागा रिकामी... जनार्दन नाही म्हणाला की सगळं संपलं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पाणी चढू लागलं.

जनार्दन उठला. चपला हातात घेऊन उतार उतरला आणि दादाच्या जागी बसला. पाणी घोट्याला लागलं तसा वर बघून ओरडला, "बगत काय बसलाव? पानी चढतंय. माती कवा आनाची ते बोला!"