भाऊबीजेच्या चिंबोऱ्या

पाडव्याच्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको मोरीजवळ बसून चिंबोऱ्या बांधत होतो. मी टोपलीतून एकेक चिंबोरी मागून धरून द्यायचो, ती नांग्या दाबून सुतळी गुंडाळायची. तिची गाठ अशी, की एक टोक ओढलं की सगळी सुतळी मोकळी. डोंबिवलीच्या माझ्या बहिणीला चिंबोरीची भीती. हिला मदत म्हणून सुरीने सुतळी कापायला गेली की हात कापून घ्यायची, म्हणून हिने ती गाठ शोधून काढली होती.

बहिणीने आदल्या आठवड्यात निरोप धाडलेला. पोरगी माहेरी आलीय, सातवा महिना आहे, यंदा चिंबोऱ्या आणू नका, उष्ण पडतात.

ही म्हणाली, "ती माझ्या पोटात होती तेव्हा मी काय खात होते? वरण-भात?"

मी म्हटलं, "हळू बोल."

"कोण ऐकतंय? घरात आपण दोघं. इथे पण मामीच होऊ का?"

मग बांधता बांधताच म्हणाली, उद्या मी तिला सांगणार. बाळंत व्हायच्या आधी तिला कळलं पाहिजे, आपण कोणाच्या कुशीतून आलो. मी म्हटलं, बहिणीला आधी विचारू. त्यावर तिने माझ्याकडे बघितलं पण नाही.

"बहीण तुमची. माझी कोण?"

पुढची चिंबोरी द्या म्हणाली. मी दिली.

हे आमचं शेवटचं काम. वाचणाऱ्याला समजावं म्हणून मागचं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, जसं येतं तसं लिहितो.

आम्ही ठाण्याच्या कोपरीचे कोळी. बापाची होडी होती, खाडीवर घर चालायचं. पुढे जाळ्यात मासळीपेक्षा घाण जास्त यायला लागली, तेव्हा मी डोंबिवलीजवळ मानपाड्याला रंगाच्या कंपनीत लागलो. त्या कंपनीचं पाणी कुठे जायचं? खाडीतच. पगार घ्यायचो आणि गप्प बसायचो. दोन पोरगे होते. आणीबाणी उठली त्याच्या थोडं पुढेमागे पोरगी झाली आणि महिन्याभरात हिच्या थुंकीतून रक्त पडलं. क्षय. डॉक्टर म्हणाले बाईला भरती करा, तान्ह्याला तिच्याजवळ आणू नका.

पोरग्यांना माझी आई बघत होती. तान्ही पोरगी तिला जमेना. वरचं दूध पोरगी ओकायची. कंपनीत माझ्या पाळीला एक जण होता, तिकडे मानपाड्यालाच चाळीत राहायचा. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. त्याची बायको एका रविवारी आली, पोरीला मांडीवर घेतलं, आणि वाटी-चमच्याने पाजत बसली. पोरगी ओकली नाही. म्हणाली, दोन महिने नेते, वहिनी बऱ्या झाल्या की आणून देते.

दोन महिन्यांचं वर्ष होत आलं. ही बरी होऊन आली, हाडं आणि डोळे एवढंच उरलेलं. नवं पातळ नेसून पोरीला आणायला गेली. मी होतो बरोबर. पोरगी त्या बाईच्या कमरेवर होती. हिने हात पुढे केले, तशी तिने बाईच्या मानेत तोंड खुपसलं. उचलून घेतली तर अशी रडली की चाळ गोळा झाली. जेवणवेळ होऊन गेली तरी ही तिथेच बसून. कधी खुळखुळा वाजव, कधी टाळ्या. पोरगी रडून रडून निळी पडायची, बाईने घेतली की थांबायची.

शेवटी हीच म्हणाली, "राहू दे. तुझीच झाली."

मी म्हणालो नाही. हीच म्हणाली. ती बाई हिच्या पाया पडली आणि म्हणाली, दार तुम्हाला कधी बंद नाही, कधी पण या, बघा, घ्या. खोटं नव्हती बोलत. कागद-बिगद कोणी केला नाही. पुढे शाळेत नाव त्यांचंच लागलं, बस.

पहिल्यांदा आम्ही महिन्याला जायचो. तोवर ते डोंबिवलीत नव्या चाळीत गेलेले, तिथे पोरगी त्यांचीच समजायचे; शेजारणी दारात उभ्याच. एकीने विचारलं, हे कोण गं तुझे? त्या बाईच्या तोंडातून निघून गेलं, माझा भाऊ आणि भावजय. तिला सख्खा भाऊ नव्हता, हे चाळीला माहीत नव्हतं ते बरं. पण चाळ ती चाळ. दिवाळी आली तशी त्याच शेजारणी म्हणायला लागल्या, भाऊ ठाण्याला असून भाऊबीजेला येत नाही? कसला भाऊ म्हणायचा हा? तिने नवऱ्याकडून मला कंपनीत निरोप दिला. मी गेलो. पाटावर बसलो. सगळ्या शेजारणी दारात. तिने कुंकू लावलं, तांदूळ लावले, ताट फिरवलं. ही बाजूला बसून बघत होती आणि पोरगी दुडुदुडु चालत येऊन माझ्या मांडीला धरून उभी राहिली. शेजारीण म्हणाली, बघ, मामाला ओळखते.

तेव्हापासून मी मामा. ही मामी. ती बाई माझी बहीण, तिचा नवरा माझा मेव्हणा. खोटं बोलायला गेली नि खरी बहीण झाली. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा तिनेच आणला. माझी आई गेली तेव्हा माझ्या पोरग्यांना आठ दिवस तिने सांभाळलं. मला कोणी आजपर्यंत दादा म्हणून एवढं केलं नाही. म्हणूनच तर सगळं अडकलं. बायकोचा शब्द ठेवायचा तर बहिणीच्या पदरातलं पोर ओढायचं. ओवाळून घेतलेल्या माणसाने ते कसं करायचं?

पोरगी मोठी होत गेली तसं जाणं कमी झालं. कोणी नको म्हटलं नाही. पण पोरीची हनुवटी हिची, चालणं हिचं. ही तिच्याकडे बघत बसली की बहिणीचा जीव वरखाली व्हायचा. एकदा मला खाली नळाजवळ गाठून म्हणाली, "दादा, वहिनींना सांगा ना. इतकं बघू नका म्हणावं तिच्याकडे. पोरगी विचारते, मामी अशी का बघते."

मी घरी येऊन सांगितलं. हिने ऐकून घेतलं. पुढच्या भाऊबीजेला जाताना चिंबोऱ्या घेतल्या. गेल्या गेल्या म्हणाली, वन्सं, आज रांधायचं माझ्याकडे द्या. तेव्हापासून तो रिवाज पडला. वर्षातून एक दिवस ती चूल हिची. पोरीकडे पाठ करून वाटण वाटायची, चिंबोऱ्या फोडायची, रस्सा करायची. डोळ्यांना काम पाहिजे होतं तिला. पोरगी ताटात बोटं चाटत म्हणायची, आई, मामीसारखं तुला येत नाही. बहीण हसायची. बरं वाटून नाही हसायची.

महिन्याचं जाणं सणावर आलं, मग नुसत्या भाऊबीजेवर.

पोरगी सातवीत असेल. शेजारी बसून नारळ खवत होती. तिने विचारलं, "मामी, तुला मुलगी का नाही?"

ही म्हणाली, "नाही झाली."

"मग मीच आहे ना."

हिने खवलेलं खोबरं पाट्यावर ओढलं. दारात बहीण उभी होती. मी बाहेर विडी ओढायला गेलो. त्यावेळी सांगून टाकायला पाहिजे होतं असं आता कोणी पण म्हणेल. तिथे उभं राहून बघा म्हणजे कळेल.

मग लग्न. नव्वदच्या पुढची गोष्ट, डोंबिवलीतच हॉल घेतलेला. भटजीने पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी नवा फेटा बांधून पोरीचा हात धरून तिला अंतरपाटापर्यंत आणलं. तिचा हात थंडगार होता. मामा, हात सोडू नका, असं म्हणाली. मी मागे उभा राहिलो. कन्यादान बहिणीने आणि मेव्हण्याने केलं. ही अक्षता मुठीत धरून माणसांच्या गर्दीत. कोणी बाईने विचारलं, तुम्ही कोणाकडच्या? ही म्हणाली, मामी.

घरी येऊन लुगडं सोडताना म्हणाली, "तुम्हाला निदान हात धरून आणायला मिळालं. मामीला लग्नात काय काम असतं?"

तेव्हापासून ती बदलली. आधी हट्ट नव्हता, आता धरला. पोरीला सांगायचंच. मी म्हणायचो, सांगून काय होणार, सुखात आहे. ती म्हणायची, मला काय तिला घरी आणायचीय? एकदा आई म्हणू दे, मग परत मामी म्हणू दे. मी म्हणायचो पुढच्या भाऊबीजेला बघू. अशा दोन भाऊबीजा मी ढकलल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी आम्ही चिंबोऱ्या बांधत होतो.

शेवटची बांधून तिने टोपलीवर ओलं गोणपाट टाकलं. हात धुवायला उठली, मोरीच्या कठड्याला धरून परत खाली बसली. म्हणाली, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. मी पाणी आणलं. तिने पेल्याला हात लावला नाही. शेजारचा डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

मोठ्या पोराने डोंबिवलीला जाऊन कळवलं. तिरडी बांधून व्हायच्या आत बहीण आणि मेव्हणे आले. दोघंच. बहिणीने येताना हिरवं लुगडं आणलं होतं. ती हिच्या अंगावर पडून रडली, खरी रडली, ते मी सांगतो. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, नणंद आहे तर ओटी नणंदेने भरावी. तिने भरली. हळद-कुंकू लावलं, केस सारखे केले.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगी?"

"दादा, सातवा आहे. अशा वेळी मयताला कोण आणतं? सांगितलं पण नाही तिला. बाळंत झाली की सांगते."

"काय सांगशील?"

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तिला प्रश्न कळला होता.

"मामी गेली म्हणून," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. पोटुशी बाईला मयत दाखवत नाहीत, आमच्यात पण नाही दाखवत. आणि ज्या पोरीला आई मेली हे सांगायचं तिला आधी आई होती हे सांगायला लागेल. सांगणारी तर तिरडीवर. माणसं थांबली होती, पोराच्या हातात मडकं दिलं होतं, चला म्हणाले. गेलो.

ती पोरगी आज कुठे राहते, तिला मुलगा झाला का मुलगी, मला सगळं माहीत आहे. मी कोण हे तिला माहीत नाही. बहिणीने सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. ज्याच्यासाठी सांगायचं ते माणूसच नाही, तर म्हाताऱ्याने आपल्या समाधानासाठी तिचं घर कशाला हलवायचं?

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी शेजारणीने हाक मारली, तुमचा फोन आहे. त्या गल्लीत फोन तिच्याकडेच होता. ती मासळी विकायची, आम्हा दोघांना लहानपणापासून ओळखणारी. मी दारात उभा राहूनच फोन घेतला, सुतकाचा माणूस आत जाऊ नये म्हणून.

पोरगी होती. "मामा, आई सांगते यंदा तुम्ही येणार नाही. का ते सांगत नाही. भांडलात का दोघं बहीणभाऊ?"

"नाही गं. मामीला ताप आहे."

"मग तिला द्या ना फोन."

"झोपलीय."

"बरं, उठवू नका. पण चिंबोऱ्या पाठवा. आई नको म्हणते, तिचं मी बघते. दोनच पाठवा, पण मामीने बांधलेल्या पाठवा, मला ती गाठ सोडता येते. आणि तिला सांगा, बाळ झालं की मीच येणार तिकडे."

"पाठवतो," मी म्हटलं. "सांगतो."

घरी मोरीजवळ टोपली तशीच होती. गोणपाट उचललं तर जिवंत होत्या, तोंडाला फेस आणून बसलेल्या. हिच्या हातच्या शेवटच्या. पण मयताच्या घरातली वस्तू पोटुशी बाईला पाठवत नाहीत. तिथे मी हात आखडला. पोरीला काही झालं तर, हा विचार आला. विचार येतोच.

मी शेजारणीला पैसे दिले. तिने बाजारातून दोन चिंबोऱ्या आणल्या आणि आपल्या अंगणात बांधल्या. मी लांब उभा राहून तिला गाठ सांगत होतो, हे टोक असं घे, त्याच्या खालून काढ. तिला नीट जमली नाही. जशी जमली तशी बांधली. तिचा नवरा घेऊन डोंबिवलीला गेला. त्याला मी पढवलं होतं, मामीने दिल्या म्हणून सांग.

मग आमची टोपली उचलून मी खाडीवर गेलो. ओहोटी होती. चिखलात गुडघाभर आत जाऊन एकेक चिंबोरी काढली, सुतळीचं टोक ओढलं. ओढलं की सुटायची. सोडली की आडवी पळत चिखलात घुसायची. शेवटी टोपलीत सुतळ्या राहिल्या, त्या पण टाकल्या.