टेकडीवरची पंगत

आमच्या कॉलनीत एक निवृत्त एसटी कंडक्टर राहतात. हिवाळा लागला की ते महिन्यातल्या एका रविवारी टेकडीची सहल काढतात. टेकडी म्हणजे बोर धरणाच्या अंगाची सागाची टेकडी, जिच्या माथ्यावर बुद्धविहार आहे ती. सकाळी सिंदी मेघेतून मिनीबस निघते, पायथ्यापासून चढून भंतेजींच्या भोजनाआधी वर पोचायचं आणि दिवस बुडायच्या आत सगळे घरी. सहल एवढीच, पण कंडक्टरभाऊ ती अशा थाटात चालवतात की जणू आम्हाला श्रीलंकेला घेऊन चालले आहेत. गळ्यात शिट्टी, हातात माइक. "मागच्यांनी पुढे सरका" ही सवय अजून गेलेली नाही, जागा मोकळ्या असल्या तरी सरकावंच लागतं.

यंदा अशाच एका सहलीला मी आणि माझी मुलगी जाणार होतो. मुलीला सातवा महिना लागलेला. डॉक्टरीणबाईंनी चढायला मनाई केली, तेव्हा मुलीने परस्पर आपली जागा सासूला देऊन टाकली. मला फोनवर सांगितलं, "आई येतील तुझ्यासोबत. नीट बोल." मी म्हटलं, मी काय वाकडं बोलते? त्यावर तिने फोन ठेवला.

माझी विहीण वडनेरची. घरची शेती, कपाशी आणि तूर, आणि तिच्यात राबून राबून काटक झालेली बाई. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने आणि त्यांच्या मुलाने आपापल्या मनाने लग्न ठरवलं. आम्ही बौद्ध, ते कुणबी. आरडाओरडा कोणी केला नाही. कार्यालयात सह्या झाल्या, कॉलनीतल्या विहारात त्रिशरण-पंचशील झालं, पेढा वाटला, चहा दिला, आटोपलं. विहीणबाई आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि पेढा रुमालात बांधून घेऊन गेल्या.

त्यानंतर त्या जेव्हा जेव्हा माझ्या घरी आल्या, तेव्हा तेव्हा त्यांचा उपास होता. गुरुवारी आल्या तर गुरुवार, शनिवारी आल्या तर शनिवार. संकष्टी, एकादशी, प्रदोष, काही सुटलं नाही. एकदा मी हट्टाने साबुदाणा भिजवून ठेवला, तर त्या दिवशीचा उपास निर्जळी निघाला. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यासोबत जे उपासतापास घराबाहेर नेऊन टाकले, ते या बाईंच्या कृपेने मला पुन्हा पाठ झाले.

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? नोकरीभर मी खेड्यापाड्यांत नर्स होते. ज्या घरांत मला पाणी ओसरीवर द्यायचे, त्याच घरांतली लेकरं जगात आली की पहिल्यांदा माझ्या हातांत पडायची. तेव्हा मी मनाला लावून घेतलं नाही, कारण ते लोक माझे कोणी नव्हते. ही बाई मात्र माझ्या मुलीची सासू होती. आणि आता बाळ येणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्या घरी. वडनेरची आजी येईल, बाळाला मांडीवर घेईल आणि उपाशी निघून जाईल. ते बोलायला लागलं की एक दिवस विचारेल, आजी इथं का जेवत नाही? त्याने हे विचारण्याआधी मला तो उपास सोडवायचा होता. कसा, ते काही केल्या सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी विहीणबाई हिरव्या लुगड्यात आल्या. बाकी आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्यांत. त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "मले सांगाचं तरी. मी एकटीच फुटल्या कपाशीत भाजीवानी दिसून राह्यली." बायका हसल्या आणि त्यांना खिडकीची जागा मिळाली.

बस निघाल्यावर कंडक्टरभाऊंनी माइकवर सम्राट अशोकापासून सुरुवात केली, पण विहीणबाईंचं लक्ष बाहेर. कोणाची तूर वाळली, कोणाचा चणा लवकर पेरला, कोणाच्या कपाशीची वेचणी मजुरांवाचून अडली, हे सगळं त्या मला सांगत होत्या. "हा मानूस आळशी आहे, धुरा पाहा त्याचा," त्या एका वावराच्या गवत माजलेल्या बांधाकडे बोट दाखवून म्हणाल्या. थोड्या वेळाने मागच्या सीटवरच्या बायकाही अशोकाला सोडून वावरांकडे पाहायला लागल्या. भाऊ नाराज झाले. त्यांनी शिट्टी वाजवली. मला मात्र मजा वाटत होती. शेजारी बसून बोलताना ही बाई किती बरी वाटते, आणि ताट समोर आलं की हिला काय होतं, असा विचार करत मी मांडीवरचा डबा सांभाळत होते. डब्यात आलूवांग्याची भाजी होती. रात्रीच करून ठेवली असती तर सोपं होतं, पण मी पहाटे उठून केली.

टेकडी चढताना माझी फजिती झाली. मला धाप लागत होती आणि विहीणबाई पुढे जाऊन माझी वाट पाहत उभ्या राहत होत्या. मधल्या वळणावर खडकात एक कपार आहे. भाऊंनी सगळ्यांना थांबवून सांगितलं, की कोणी म्हणतं इथे पूर्वी भिक्खू ध्यानाला बसत, आणि कोणी म्हणतं गुराखी पावसात बसत. खरं काय, असं कोणीतरी विचारलं. भाऊ म्हणाले, "दोघंही बसत असतील, जागा आहे." विहीणबाईंना हे फार पटलं. त्या आत जाऊन खरंच बसून आल्या.

वर विहार आहे, लहान, पांढराशुभ्र. पंचरंगी झेंडे वाऱ्यावर फडफडत होते. आत बसलेल्या बुद्धाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की दम आपोआप खाली बसतो. आम्ही मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, वंदना म्हटली. विहीणबाईंना शब्द येत नव्हते. पण त्या पदर सारखा करून, हात जोडून, शेवटपर्यंत माझ्या बाजूला बसल्या. डोळे मिटलेले होते. वंदना संपल्यावरही त्या बऱ्याच वेळाने उठल्या.

मग भोजनदान. या सहलीची रीत अशी, की सगळ्यांचे डबे एका चादरीवर उघडायचे. पोळ्या सगळ्या एका परातीत, भाज्या ओळीने, खिरीचं पातेलं मधोमध. पहिलं भंतेजींना वाढायचं, बारा वाजायच्या आत, कारण त्यानंतर ते जेवत नाहीत. भंतेजींचं झालं की बाकीच्यांनी बसायचं आणि समोर येईल ते खायचं. कोणाची पोळी कोणाच्या पानात पडली, कोणी विचारत नाही. मी मनात म्हटलं, चला, आज बरं झालं. इथे माझ्या हातचं कोणतं, हे कळायचंच नाही.

पंगत बसायला लागली आणि विहीणबाई दिसेनात. पाहते तर विहारामागच्या सागाखाली, स्वतःचा छोटा डबा उघडून बसल्या होत्या. त्यात भगर आणि दाण्याची आमटी.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आज कोणता उपास?"

"रविवारचा."

"रविवारचा?"

"राह्यते काही काही लोकायचा."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्हाला माझ्या घरचं चालत नाही, असं एकदा तोंडावर सांगून टाका. मी ऐकून घेईन. पण दर वेळी नवा देव मधे घालू नका."

त्यांनी डब्याला झाकण लावलं. मला वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "पयल्या साली तेच होतं. खोटं काऊन बोलू? मनातून जात नव्हतं. मंग तुमची पोट्टी घरात रुळली. तिच्या हातचं दोन टाइम खाऊन राह्यली मी. मंग कायचं काय राह्यते? गेलं ते."

"गेलं तर मग हे उपास कसले?"

"तुमी एकडाव तरी मनवलं काय मले?" आता त्यांचाही आवाज चढला. "मी उपास म्हनलं का तुमी लगेच 'बरं' म्हनता अन् चहा ठेवता. इहीन कधी पयल्या बोलावन्यात जेवते काय? मले एकच पोरगा. त्याच्या लग्नात इहिनीची पंगत नाई झाली. माह्या ताटापुढं कोनी रांगोळी नाई काढली. घास घ्या म्हून कोनी हात नाई जोडले. जनमभर दुसऱ्यायले वाढत आलो आपन. तेवढा एक दिवस भेटते बाईले. तो बी नाई भेटला."

मी खाली बसले. विहिणीची पंगत मला माहीत नव्हती असं नाही. लहानपणी शेजारच्या लग्नांत पाहिली होती. मुलाची आई पाटावर बसते, रुसते, घास घेत नाही, आणि मुलीकडचे तिला मनवत राहतात. आम्ही आमच्या लग्नांतून हे मानपान, रुसवेफुगवे सगळं काढून टाकलं आणि चांगलंच केलं, हे मी आजही म्हणेन. पण समोरची बाई तीन वर्षं पाटाची वाट पाहत होती आणि मी तिच्यापुढे चहा ठेवत होते. आणि पहिल्या वर्षाचं तिने आपण होऊन जे कबूल केलं, त्याने माझा राग जेवढा उतरला, तेवढा कुठल्या माफीने उतरला नसता.

मानपान मी मानत नाही. पण रुसलेल्या बाईला मनवायला काय जातं? मी उठले आणि विहारासमोर जाऊन ओरडले, "बायांनो, थांबा! माझी विहीण रुसली आहे!"

एवढं पुरलं. आमच्या बायकांनी मानपान सोडलं असेल, हौस सोडलेली नाही. हातातल्या पोळ्या परातीत परत गेल्या. एकीने चादरीची घडी करून पाट केला. दुसरीने वाहायला आणलेल्यातला उरलेला झेंडू चुरगळून पत्रावळीभोवती पाकळ्यांची महिरप घातली. एका म्हातारीने विहिणीला चिडवणारं गाणं जागच्या जागी जुळवलं, त्यात कपाशीतली भाजीही आली. कंडक्टरभाऊंनी शिट्टी वाजवून जाहीर केलं, "ही पंगत स्पेशल आहे. एकच सीट. बाकीच्यांनी उभं राहून प्रवास करावा." भंतेजी ओट्यावर बसून हसत होते.

विहीणबाई चादरीवर येऊन बसल्या. आता मात्र त्या लाजल्या. पदर पुढे ओढला. पत्रावळीत पोळ्या, भाज्या, कोथिंबिरीची सांबारवडी, खीर, सगळं वाढलं गेलं. मी समोर बसून हात जोडले आणि म्हटलं, "विहीणबाई, गोड मानून घ्या." हे शब्द जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले.

त्यांनी हात पुढे केला नाही.

"याच्यात तुमच्या हातचं कोनतं?" त्यांनी विचारलं.

मी आलूवांग्याकडे बोट दाखवलं. ते पत्रावळीच्या कडेला, दुसऱ्या दोन भाज्यांच्या मधे, चमचाभर होतं.

"एवढंसं? वाढा अजून."

मी डबा आणला आणि वाढलं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, खिरीकडे, वडीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ वांग्याचा घास घेतला. सावकाश चावला. सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या, मी तर पाहतच होते.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

टेकडीवर जो हशा पिकला तो कपारीपर्यंत गेला असेल. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. तीन वर्षांत माझ्या स्वयंपाकाला त्यांनी ठेवलेलं ते पहिलं नाव. मग आम्ही सगळ्याच बसलो. त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली, दोन्ही वेळा वरून मीठ घेतलं.

परतीच्या बसमध्ये सगळे पेंगत होते. भाऊंचा माइकही गप्प होता. विहीणबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागला. मग बाहेरच पाहत म्हणाल्या, "बाळंतपनाले पोट्टी तुमच्याकडं येईन. मी बी येऊन राह्यतो."

मी वळून पाहिलं. सुनेच्या बाळंतपणात सासू सुनेच्या माहेरी येऊन राहते, असं मी तरी कुठे ऐकलं नव्हतं. "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"लोकायले काय लागते म्हनाले. तुमच्या हाताले मीठ नाई, माह्या पोट्टीले दूध कुठून उतरन?" त्यांनी पिशवीतून सकाळचा भगरीचा डबा काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हे ठेवा तुमच्याकडं. मले आता नाई लागत."