तळहातावरचं दूध

फोन अर्चनाचा होता, पण उचलला मी. अर्चना म्हणजे माझी सून. पुढच्या खोलीत कानात ती दोन बोंडं घालून तिची मीटिंग चालली होती आणि तिचा मोबाइल माझ्याजवळ स्वयंपाकघरात होता. शिरूर कासारहून तिचा भाऊ बोलत होता. "मावशी, माय गेली..." सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं. आता माझा स्वभाव बघा. मी त्याला विचारलं, "डॉक्टरनं नीट बघितलं का? एकदा परत बघायला लाव." तो बिचारा रडतोय आणि मी उलटतपासणी घेतेय! गयाबाई, माझ्या विहीणबाई, जिवंत असताना त्यांच्या कुठल्याच गोष्टीवर मी एका झटक्यात विश्वास ठेवला नाही. त्यांच्या जाण्यावर तरी कसा ठेवणार होते? महिना होऊन गेला, पण ते मला अजून टोचतंय.

त्या आमच्याकडे बीडला आल्या त्या माझ्या गुडघ्यांमुळे. मुलगा नोकरीला माजलगावला. सकाळी सातला निघतो तो दिवेलागणीला येतो. अर्चनाची नोकरी लॅपटॉपवरची. ऑफिस पुण्यात आणि ती इथं, आमच्या तीन खोल्यांच्या घरात. नात ओवी तेव्हा दीड वर्षाची, चालायला नव्हे, एकदम पळायलाच शिकलेली. मी खाली बसले की मला उठवायला माणूस लागतं, मी तिच्यामागे काय पळणार? एकदा भर मीटिंगमध्ये ती टेबलाखाली शिरली आणि असं भोकाड पसरलं, की पलीकडचे साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर पुण्याला येऊन बसा, नाहीतर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण अर्चनाचा चेहरा मी बघितला. तिचे आईबाप दर हंगामाला ऊस तोडायला जायचे, ती उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, वाढलेली. तिच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारी ती पहिली. ही नोकरी जाऊन चालणार नव्हतं. म्हणून तिनं आईला बोलावून घेतलं.

विहीणबाई आल्या त्या एक गाठोडं आणि पायलीभर ज्वारी घेऊन. लेकीच्या घरी फुकटचं खायचं नाही, हा त्यांचा बाणा. मला त्यात वेगळाच वास आला. म्हटलं, उद्या म्हणायला नको का, की आमची ज्वारी खाल्लीत! सोफ्यावर त्या कधी बसल्या नाहीत. मी "बसा हो वर" म्हटलं की म्हणायच्या, "आमाला खालीच बरं, इहीनबाई. वर बसलं की पडायची भीती." हा टोमणा की साधं बोलणं, हे मी दोन दिवस मनात घोळवत होते.

पण खरा किडा शिरला तो अकरा वाजताचा. अर्चनाची मोठी मीटिंग अकरा ते एक. अकराला विहीणबाई ओवीला घेऊन मागच्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि मग... काही नाही. रडणं नाही, किंचाळणं नाही, भांडं पडणं नाही. दीड वर्षाचं पोर आणि दोन तास चिडीचूप? मी दोन मुलं वाढवलीत, माझी कुणी समजूत घालू नका. एक वाजता ओवी बाहेर यायची ती अशी शहाण्यासारखी, डोळे जरा जड. आमच्या लहानपणी कामावर जाणाऱ्या काही बाया तान्ह्या लेकराला कणभर अफू चाटवून निजवायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आमच्या शेजारचं एक लेकरू त्यातून उठलंच नाही. विहीणबाईंचं सगळं आयुष्य फडात गेलेलं. मी म्हटलं, ही बाई आपल्या लेकीची नोकरी वाचवायला माझ्या नातीला काहीतरी देते आहे.

मग मी तपासाला लागले. ओवीचं तोंड हुंगायचे. पापणी वर करून बाहुली बघायचे. देवळात नेते म्हणून रिक्षात घालून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, पोरगी ठणठणीत आहे. तुम्हीच जरा झोप घेत जा." तरी माझं मन भरेना. विहीणबाई साडेदहाला दुधाचा पेला भरून ओट्यावर निवत ठेवायच्या. त्यांची पाठ वळली की मी चमचाभर दूध चाखून बघायचे, कडू लागतंय का. असे चार-पाच दिवस गेले आणि एकदा चमचा तोंडात असतानाच त्या दारात उभ्या! मी म्हटलं, "साखर बघत होते." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना समजलं होतं. ज्या बाईनं फडात हयात काढली, तिला अशा चाखण्याचा अर्थ कुणी सांगायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी मला हाक मारली. "इहीनबाई, जरा इकडं या." मी गेले. त्यांनी पेल्यातलं थोडं दूध आपल्या तळहातावर ओतलं, माझ्या डोळ्यांत बघून पिऊन टाकलं, हात पदराला पुसला आणि मग पेला ओवीच्या तोंडाला लावला. त्या दिवसापासून दूध असो, वरणाचं पाणी असो, मऊभात असो... आधी त्यांच्या तळहातावर, मग नातीच्या तोंडात. रोज. मी समोर असले तरच नव्हे, नसले तरी. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मी म्हटलं, लबाडच आहे. आता दुधात नाही घालत, दुसऱ्या कशात तरी घालत असणार.

शेवटी एक दिवस मी काठी टेकत घराच्या मागच्या बोळात गेले आणि खिडकीतून डोकावले. विहीणबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. समोर ओवी, दोन वाट्या घेऊन बसलेली. एका वाटीतले शेंगदाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकत होती, कपाळाला आठ्या घालून, जसं काही तिला त्याचा पगार मिळणार होता. मध्येच ती "आजी!" म्हणून ओरडायला गेली. विहीणबाईंनी बोट ओठावर ठेवलं, कुजबुजून "खाडा!" म्हणाल्या आणि तिच्या वाटीतला एक दाणा उचलून आपल्या तोंडात टाकला. ओवीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हसू मावत नव्हतं, पण आवाज म्हणून नाही. मग पुन्हा कामाला लागली.

संध्याकाळी मी आडून विचारलं, हा खाडा काय प्रकार? त्या म्हणाल्या, "फडात लेकरू रडलं की बाई कोयता टाकून पळती. मुकादम खाडा लावायचा, आर्ध्या दिसाची मजुरी जायची. मंग आमी लेकरालाच मजूर केलं. बोललं त्याचा खाडा. लेकराला खेळणं देऊ न्हाई, काम द्यावं. काम दिलं की त्येला वाटतं, आपुन लई मोठं झालो." मग म्हणाल्या, "अर्ची बी आशीच वाढली. पाचटात बसून तासन् तास गप. म्हणून तर तिला ती मिटींग जमती."

ही वेळ होती. मी म्हणायला हवं होतं, गयाबाई, माझं चुकलं, उद्यापासून ते तळहाताचं राहू द्या. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी विचारलं काय, तर लसूण गावरान आहे का! दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी तळहात पुढे केला आणि मी बघत उभी राहिले. वर्षभर त्या राहिल्या. त्या हंगामाला त्यांचा मुलगा-सून ऊसतोडीला निघाले आणि त्यांची लेकरं सांभाळायला मागे कुणी नव्हतं, म्हणून त्या गावी परत गेल्या. निघायच्या दिवशीसुद्धा पहिला घोट त्यांचाच. ओवीला ती इतकी सवय लागली आहे, की अजून पेला हातात दिला तरी पीत नाही. समोरच्या माणसाचा तळहात उघडते आणि वाट बघते.

हे सगळं मी वहीत लिहिलं आणि अर्चनाला टाइप करायला दिलं. हातानं लिहिलेलं पेपरच्या पुरवणीवाले आता घेत नाहीत. वही देताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण अफूचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्याच आईबद्दल... बराच वेळ बटणांचा टकटक आवाज येत होता, मग थांबला. ती बाहेर आली ती डोळे पुसून आली.

"आई, मायनं मला तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, तुझी सासू माझ्यावर बी पहारा ठेवती, इतका तिचा लेकरात जीव. मंग तू कावून भेतीस? बस बिनघोर कामाला."

"लागलं नव्हतं त्यांना?"

"लागलं की. लई लागलं. दोन दिवस भाकर गोड लागली नाही तिला."

एवढं बोलून ती आत गेली. अकरा वाजत आले होते. मी ओवीला घेऊन मागच्या खोलीत आले, दार लोटलं. खाली बसता येत नाही म्हणून इथं मी एक खुर्ची ठेवून घेतली आहे. बसले आणि शंका आली. दोन दिवसांची भाकर खरी असणार, ते कुणी मनानं रचत नाही. पण ते आधीचं, पहाऱ्याचं, ते विहीणबाईंचं की अर्चनाचं? टाइप करता करता म्हाताऱ्या सासूची कीव येऊन तिनंच जुळवलं असेल का? समोर बसवून विचारलं, तर डोळ्यांवरून मला कळेल. आजवर मी असं काही सोडलेलं नाही. दार ढकललं की दहा पावलांवर ती बसली आहे. पण तिची मीटिंग सुरू झाली आहे, आणि मी खुर्चीतून उठलेले नाही.