सॅक्सोफोनची मूर्ती झाली त्याची गोष्ट

माझ्या वडिलांच्या बॅण्डमध्ये चौघे होते आणि ते चौघे एकाच वेळी स्टेजवर आल्याचं कुणालाही आठवत नाही.

चौघेही रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला, म्हणून बॅण्डचं नाव 'सेकंड शिफ्ट'. बाळूकाका गिटारवर, हुसेनचाचा ड्रमवर, गावंडकाका बेसवर आणि बाबा सॅक्सोफोनवर (तो पेणच्या एका लग्नाच्या बॅण्डवाल्याने मोडीत काढलेला). कुणी ना कुणी कायम ड्यूटीवर असायचं. मग जो आला नसेल त्याची जागा उरलेल्यांनी भरून काढायची. ड्रम नसले की बाळूकाका गिटारच्या पाठीवर थापा मारायचे, बेस नसला की बाबा खालचे सूर धरून ठेवायचे. सुरुवातीला म्हणे ते साधं रॉकच वाजवत होते. या भराभरीत त्याचं जॅझ कधी झालं, ते त्यांनाही कळलं नाही.

हे सगळं मला ऐकून माहीत. मी रांगायला लागेपर्यंत बॅण्ड बंद पडला होता आणि रेकॉर्डिंग कुणी केलंच नव्हतं. हे वाजायचं तरी कसं, या एका प्रश्नाने मला लहानपणापासून छळलं आहे. रोह्यातल्या जुन्या लोकांना विचारलं, तर एकाने डोळे मिटून 'वा!' म्हटलं आणि दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्या कार्यक्रमानंतर आमची म्हैस आटली. आई म्हणाली, चांगलं वाजवायचे, पण संपवायचे नाहीत. शेवटी बाबांनाच विचारलं, जॅझ म्हणजे काय?

"ठरलेलं वाजवाया घ्यायचं नि मधीच सोडून द्यायचं," बाबा म्हणाले. "मंग घरी परत कसं यायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं."

(आई म्हणाली, हे तर तुमचं बाजाराला जाणं झालं.)

मग गेल्या दिवाळीनंतर बाळूकाकांचा फोन आला. रोह्याचं घर विकून ते कायमचे मुलाकडे नागपूरला चालले होते. जाण्याआधी एकदा अंगणात बसून वाजवू, म्हणाले. गावंडकाका आता हयात नाहीत, पण उरलेले तिघे तरी. बाबांनी त्याच संध्याकाळी माळ्यावरची ट्रंक उतरवली. आत सॅक्सोफोन निघाला, पार काळाहिरवा पडलेला. बाबांनी तो मांडीवर घेतला आणि सदऱ्याच्या टोकाने घासायला लागले. मी मनात म्हटलं, आपण यांना छान धक्का द्यायचा.

आम्हा पेणकरांना एक सवय आहे. गणपती गेले की हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यांना जरा उसंत मिळते. मग घरातलं जे जे विटलं असेल, पाळणा, देव्हारा, सासऱ्यांची स्कूटर, ते आम्ही तिकडे रंगवायला नेऊन टाकतो. माझा मावसभाऊ दिन्या तिथला नावाजलेला रंगारी. बाबांचा डोळा चुकवून मी सॅक्सोफोन त्याच्याकडे पोचवला आणि म्हटलं, जरा चकाचक करून दे. एवढंच म्हटलं हो!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दिन्या फडक्यात गुंडाळून तो घेऊन आला. मुकुटाला देतात तो सोनेरी रंग, वरून दोन हात वार्निश, आणि तोंडाभोवती गुलाबी कमळांची वेल. बाबा बघतच राहिले. "झ्याक केलंस रं," म्हणाले आणि त्यांनी एक बटण दाबलं. ते हललं नाही. दुसरं दाबलं. तेही नाही. मग ते खुर्चीत बसले.

मी विचारलं, काय झालं?

"मूर्ती झाली गो याची," बाबा म्हणाले. "आता वाजवायचा नाय, पुजायचा."

रोह्यापर्यंत दिन्या गाडी चालवत होता आणि मी मागे बसून कापसाच्या बोळ्याने एकेका बटणाला थिनर लावत होते. बाबा काचेतून बाहेर बघत होते. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. नागोठण्याला मला रडूच आलं. जन्मभर जे ऐकायचं होतं, ते मीच वार्निश लावून बंद केलं होतं! (माझे अश्रू पडून एक बटण सुटलं असं मी सगळ्यांना सांगत असते. पण ते थिनरनेच सुटलं.) रोहा येईस्तोवर वरची चार बटणं हलायला लागली, खालची सगळी घट्ट.

अंगणात शेजारीपाजारी जमले होते. हुसेनचाचांनी काड्या वाजवून सुरुवात केली, बाळूकाकांनी गिटार छेडली आणि बाबांनी फुंक मारली. वरचे सूर लख्ख आले. बाबा खाली उतरायला गेले आणि नुसतं फुस्स. पुन्हा गेले, पुन्हा फुस्स. दिन्या स्वतःच्या चपला न्याहाळू लागला.

हुसेनचाचांनी हात थांबवला. "आज कोन नाय आला रं?"

"खालचे सूर," बाबा म्हणाले.

"ड्यूटीवर असतील," बाळूकाका म्हणाले आणि त्यांनी गिटारची जाड तार धरली.

मग बाबा वर जायचे आणि खाली उतरायची वेळ आली की बाळूकाका अलगद त्यांना झेलायचे. हुसेनचाचा दोघांना हाकत न्यायचे आणि मधेच मोकळं सोडून द्यायचे. एकदा तर तिघे तीन दिशांना गेले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिघेही हसत एकाच ठोक्यावर परत आले. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. असं वाजायचं तर हे! कुणीतरी हजर नाही म्हणूनच ते इतकं गोड वाजत होतं. भजी गार झाली, शेजारी पांगले, तरी ते चाललंच होतं. आई म्हणाली होती ते खरं, संपवत नाहीत.

सॅक्सोफोनचा रंग बाबा आता काढू देत नाहीत. शेजारच्या काकू आल्या की त्याला हात जोडतात. बाळूकाकांनी जाताना आपली गिटार आमच्याकडे ठेवली. बॅण्डचं सामान एका जागी असावं, म्हणाले. मी हरखले, मला तिच्यात बॅण्डचा वारसा दिसला. गिटारच्या पेटीला छोटं कुलूप होतं. मी बाबांकडे किल्ली मागितली.

"ती बाळू नागपूरला घेऊन गेला," बाबा म्हणाले. "म्हनाला, हमरापूर जवळ हाय तुमाला."