उलटी चप्पल

माझ्या मोडलेल्या घोट्याची हाडं जुळवून त्यात प्लेट आणि स्क्रू बसवणारे आदिलाबादचे डॉक्टर कुठंही भेटले, की चेहऱ्याआधी माझे पाय पाहतात. "चालून दाखवा जरा." मग मी भर बाजारात चालून दाखवतो. दुखत नाही म्हणतो, कारण पुन्हा ऑपरेशन नको असतं.

परवा जैनथला एका लग्नात ते मंडपाबाहेर चपलांच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले दिसले. स्वतःच्या शोधत असतील, असं वाटलं. पण हातात माझी उजवी चप्पल होती, उलटी धरलेली. ती माझीच, हे कसं ओळखलं कोण जाणे. टाच एकाच बाजूनं झिजलेली.

"पाय दुखून राह्यला, मंग सांगत काऊन नाही तुमी? सोमवारी या."

सोमवारी मी नवी चप्पल घालून गेलो. त्यांनी खाली पाहिलं.

"जुनी घेऊन या."